वन्सं, बाळ फार शांत आहे

वन्सं,

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि परवा आपल्या मनीषला मुलगी झाली. सुतकात सोयर आलं. आता काय पाळायचं आणि काय सोडायचं याचा घरात नुसता घोळ चाललाय. तुम्ही असतात तर एका वाक्यात मिटवला असतात. पण त्यासाठी लिहायला बसले नाही. पोर फार शांत आहे, म्हणून लिहायला बसले.

जो बघून येतो तो हेच सांगतो. किती गुणाची आहे, आवाज म्हणून नाही. काल संध्याकाळी सुनेच्या, रुचीच्या आईचा फोन आला. ती मोठ गावची, बोलते ठसक्यात. म्हणाली, "हमाई मोड़ी तो देवी है बहनजी, रोउतई नईंयां." रडतच नाही, हे कौतुकानंच म्हणाली बिचारी. मी "हो का" म्हटलं, फोन ठेवला, पण मला ते कौतुक वाटेना.

कारण तुम्ही वॉर्डात नव्या नर्समुलींना पहिल्या दिवशी काय सांगायचात, ते मी सतरा वेळा ऐकलंय. रडणाऱ्या पोराची काळजी करू नका, त्याला काय हवंय ते ते मागतंय. गप्प पडलेल्याकडे बघा. त्यानं मागणं सोडलंय.

लोक भेटायला येतात आणि मोठला किती वर्षं होतात, झाशीला बदली कधी झाली, निवृत्तीला कोण कोण आलं होतं, ते मलाच सांगतात. सांगू देत. मला तुमच्याशी जे बोलायचंय ते त्यात कुठं बसत नाही. तेहेतीस वर्षं ते माझ्या तोंडाशी येऊन परत गेलं. तुम्हाला माहीत असलेलंच आधी सांगते, नसलेलं मागाहून. मध्ये कंटाळू नका.

तुमचे पूर्वज पेशव्यांच्या कारभाराबरोबर झाशीला आले. येताना सोवळं आणलं, पुरणपोळी आणली, "वन्सं" आणि "भावोजी" आणले. ते सगळं या घरानं जपलं. पण बाळंतिणीच्या खोलीत मात्र बुंदेलखंड शिरला तो शिरलाच. मी वाईची. आमच्याकडे नणंद बारशाला येते, बाळाच्या कानात कुर्र करते, पाठीत चार धपाटे खाते आणि जेवून जाते. इथं नणंदेशिवाय बाळाचं तोंड आईच्या अंगाला लागत नाही. तिनं यायचं, कोमट पाण्यानं बाळंतिणीची छाती धुवायची, मग तिला नेग द्यायचा, म्हणजे तिचा मान, आणि मगच पोराला अंगावर घ्यायचं. धुलाई म्हणतात तिला. नणंद गावात असली तर तासाभरात उरकतं. लांब असली तर दोन दिवस, तीन दिवस. तोवर पोराला मध, साखरेचं पाणी, कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध. आणि ते पहिलं पिवळं चिकाचं दूध, ज्याला तुम्ही पोराचं पहिलं चिलखत म्हणायचात, ते पिळून भुईवर.

तुम्ही या रिवाजाशी कधी भांडला नाहीत. इथंच तुमचं आणि माझं फाटलं.

मला तो दिवस आठवतो, मी डबा द्यायला वॉर्डात आले होते. खेड्यातली एक मुलगी नुकतीच बाळंत झालेली, सासू खाटेला पाठ लावून पहारा द्यावा तशी बसलेली. नणंद परवा येणार होती. डॉक्टरीणबाई ओरडून थकून गेल्या होत्या. तुम्ही तांब्या घेऊन आलात आणि सासूला विचारलंत, "अम्मा, लड़के का नाम क्या है?" ती म्हणाली, रामसेवक. तुम्ही म्हणालात, "तो रामसेवक हमारा भैया हुआ. ननद तो आ गई, अब काहे की देर?"   म्हातारी नाही म्हणेतोवर तुम्ही पदर खोचून धुलाई उरकलीतसुद्धा, आणि पोर आईच्या छातीवर उघडं ठेवलंत. ते थोडा वेळ डोकं इकडे तिकडे हलवत राहिलं आणि मग लागलं चोखायला. म्हातारीनं पिशवीतून खण काढला. तुम्ही म्हणालात, "यह नहीं, अम्मा. हमारा नेग अलग है. छह महीने बच्चे के मुँह में माँ के दूध के सिवा कुछ नहीं. पानी भी नहीं. नेग नहीं दिया तो ननद रूठ जाएगी." रुसलेल्या नणंदेचा शाप कोण घेईल? म्हातारीनं सुनेच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

असे किती भाऊ जोडलेत तुम्ही, देव जाणे. बड्या बाजारात आपण जायचो तेव्हा एखादा दुकानदार गल्ला सोडून खाली उतरायचा, "जिज्जी" म्हणून पाया पडायचा. तुम्ही आशीर्वाद द्यायचात आणि चार पावलं पुढं गेल्यावर मला विचारायचात, "कोण गं हा?" मी म्हणायची, मला काय विचारता, भाऊ तुमचा. तुम्ही इतक्या हसायचात की पिशवी खाली ठेवावी लागायची.

पण मला ते पटायचं नाही, हे मी लपवलं नाही. मी शाळेत शिकवणारी, मला वाटायचं खोट्याला खोटं म्हणावं. मी म्हणायची, तुम्ही रूढी मोडत नाही, तिला नर्सची टोपी घालताय. दूध धुवायला लागत नाही हे सांगत का नाही सरळ? तुम्ही भाजी निवडत म्हणायचात, "सांगते की. पाजून झाल्यावर सांगते. तुझं व्याख्यान संपेपर्यंत पोरानं उपाशी राहायचं का?" मी म्हणायची, आणि तुम्ही नसाल तेव्हा? ज्या खाटेपाशी तुम्ही नाही, तिथं ही धुलाई त्या पोराला खाईल. त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "मी नसेन तेव्हा तू आहेस." आणि वर, "देशावरची असलीस म्हणून काय झालं."

हे "देशावरची" तुम्ही लाडानं म्हणायचात. शेवटच्या वर्षांत मलाही त्यात लाडच ऐकू यायचा. पण पहिल्यांदा म्हणालात तेव्हा तसं नव्हतं, आणि आता मला तिथंच जायचंय. जावं लागणारच आहे.

माझं डोहाळजेवण. मला झाशीत येऊन पुरतं वर्ष झालं नव्हतं. माझ्या हिंदीला आख्खी आळी हसायची, आणि सासूबाई मला रोज नवी एखादी रीत शिकवायच्या आणि रोज जुनी एखादी माझ्याकडून चुकायची. तुम्ही मोठच्या सरकारी दवाखान्यातून रजा काढून आला होतात. ओटी भरताना म्हणालात, "धुलाई मीच करणार हं, माझ्याआधी कुणी हात लावायचा नाही." आणि मग बायकांकडे वळून, "हिला कुठलं ठाऊक असायला? देशावरच्या मुलीला आपल्या रीती कुठल्या कळायला." सगळ्या हसल्या. तुम्हीही. मीही हसले. पण मला ते लागलं, वन्सं. फार लागलं. मी मनात गाठ मारली की बघाच आता. या घरातल्या पोरींना जमणार नाही इतकं काटेकोर करून दाखवीन.

पुढचं तुम्हाला जसं सांगितलं गेलं, ते असं. शहरातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात मला मुलगी झाली. तेव्हा घरोघरी फोन कुठले. मोठला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी दिली. तुमच्याकडे एक बाई बाळंत होऊन रक्तात पडली होती, डॉक्टर रजेवर, तिला टाकून तुम्ही निघू शकला नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी पोचलात. सासूबाई रिवाज सोडेनात म्हणून पोर तोवर वरच्या दुधावर. तुम्ही आल्या आल्या धुतलंत, पोरीला जवळ दिलंत, पण तिला तोंड उघडायचंही बळ राहिलं नव्हतं. पिवळी पडली होती. तळव्यांना टिचक्या मारल्या तरी डोळे उघडेना. चौथ्या दिवशी गेली. तुम्ही भिंतीला टेकून म्हणालात, "मला उशीर झाला."

त्या दिवसापासून तुम्ही ते वाक्य वाहिलंत. लग्नाची बोलणी चालू होती ती मोडलीत. झाशीला बदली मागून घेतलीत, मागून घेऊन प्रसूतीचा वॉर्ड घेतलात, आणि मग कुणाच्याही खाटेपाशी नणंदेला उशीर होऊ दिला नाहीत. लोकांना वाटलं, केवढी ही सेवा. ती होतीच. पण मला ठाऊक होतं ती कुठून निघालीय.

आता ठाऊक नसलेलं सांगते.

सासूबाई दुसऱ्याच दिवशी हरल्या होत्या. सकाळपर्यंत पोर रडत होती, भुकेनं मुठी चोखत होती, आणि मग हळूहळू गप्प झाली. मला वाटलं, बरं झालं, निजली. सासूबाईंनी आठ बाळंतपणं पाहिलेली, त्यांना कळलं. त्या माझ्या उशाशी आल्या आणि म्हणाल्या, "पाज गं बाई. ती आली की करील नावाला." मी म्हटलं, नाही. वन्सं येऊ देत. त्या पुन्हा म्हणाल्या. स्वतः कोमट पाणी आणलं, फडकं बुडवलं, म्हणाल्या, मी धुते, माझ्या माथी पाप. मी त्यांचा हात बाजूला सारला, वन्सं. जोरात सारला, पाणी गादीवर सांडलं. माझं पोलकं दुधानं भिजलं होतं, छाती दगडासारखी दुखत होती, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मनात एकच. त्या येतील आणि बघतील. देशावरच्या मुलीनं कशी रीत पाळली ते बघतील.

कुणी मला अडवलं नव्हतं. पोर हाताच्या अंतरावर होती.

सासूबाईंनी हे कुणाला सांगितलं नाही, माझ्या सासऱ्यांनासुद्धा नाही. माझी लाज राखली की बोळ्यानं दूध त्यांनी स्वतः पाजलं म्हणून गप्प बसल्या, मला कळलं नाही. त्या गेल्या तेव्हा मी सुटल्यासारखी झाले, हेही लिहून टाकते. आणि तुम्ही "मला उशीर झाला" म्हणालात तेव्हा मी रडत होते, त्यामुळे माझं न बोलणं कुणाला दिसलं नाही. पण मी ऐकलं होतं. मी ऐकलं आणि ते तुमच्यापाशी राहू दिलं.

मग मनीष झाला. त्या खोलीत तुम्ही होतात, आणखी कुणाला येऊ दिलं नाहीत. नाळ कापायच्या आत तुम्ही मला धुतलंत. घाईत पाणी माझ्या पोटावर ओघळलं, मला आठवतं. तो चोखायला लागला तेव्हा तुम्ही खाली बसलात, माझ्या खाटेला डोकं लावून, आणि किती तरी वेळ उठला नाहीत. मला तेव्हा सांगता आलं असतं. त्याच्यानंतरही हजार वेळा आलं असतं. मी स्वतःला काय सांगायची माहीत आहे? सांगितलं तर तुमचं ओझं उतरेल, आणि ओझं उतरलं तर तुम्ही रोज पहाटे उठून त्या वॉर्डाकडे धावाल का? त्या रामसेवकाच्या पोराचं काय होईल? असं म्हणून मी माझ्या भित्रेपणाला पुण्याचं कातडं पांघरलं. तुम्हाला काय, ओझं उतरलं तरी तुम्ही वॉर्डात गेलाच असतात. तुम्ही माणसंच वेगळी.

गेल्या महिन्यात मी तुमच्या नगऱ्याच्या घरी होते, तुमचे पाय चेपत होते. दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणत होतं. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "शालिनी, तुझ्या त्या पोरीबद्दल तू मला कधी एक शब्द बोलली नाहीस. माफ केलंस का गं?"

मी काय म्हणाले? म्हणाले, "पडा आता जरा, दमलात."

यापेक्षा वाईट वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

आता आजचं ऐका. ज्या गोष्टीवरून आपण भांडायचो ती काल माझ्याच घरात उभी राहिली. रुचीला तुम्ही सातव्या महिन्यात सांगितलं होतंत, धुलाई मी करीन. तिनं ते धरून ठेवलं. मनीषला बहीण नाही. असती तर आज तेहेतीस वर्षांची असती, आणि तांब्या घेऊन तीच उभी राहिली असती. ती नाही, तुम्ही नाहीत. मग रुचीनं ठरवलं की तुमच्या जागी मी. पण मला सुतक. म्हणून तेराव्यापर्यंत थांबायचं. तुमच्यावरच्या मायेनं थांबलीय हो ती. बुआजींची इच्छा आहे, म्हणते. नर्सिंग होमवाल्यांना बरंच झालं. सिझेरियन आहे, दूध तिसऱ्या दिवशी उतरेल, तोवर हा दुधाच्या पावडरीचा डबा, असं त्यांनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं, आणि उशाशी बाटली ठेवून दिली. हे सगळं मला काल कळलं, तोवर घरात कुणी मला काही बोललं नव्हतं. सुतकातल्या माणसाला कोण काय विचारतं?

फोन ठेवल्यावर मी मनीषला म्हटलं, तिचा व्हिडिओ पाठव. त्यानं पाठवला. रुचीची आई पोरीच्या गालाला बोट लावतेय, म्हणतेय, देखो देखो. भुकेलं पोर बोटाकडे तोंड वळवतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. या पोरीनं वळवलं नाही. दोन गरम पांघरुणांत आवळून ठेवलेली, नाकाचा शेंडा पिवळा. मी तो व्हिडिओ परत लावला. परत लावला. मग मनीषला फोन करून डॉक्टरला बोलव म्हटलं. तो म्हणाला, राउंडला येऊन गेले ते, सकाळी परत येतील, आई तू उगाच घाबरतेस. सकाळपर्यंत मी बसून काढलं. तेही चुकलंच. तशीच उठून जायला हवं होतं.

सकाळी चप्पल घातली तेव्हा हे म्हणाले, "अगं, सुतक." मी म्हटलं, असू दे. तुमचे भाऊ उठले आणि म्हणाले, "रिक्षा आणतो."

नर्सिंग होममध्ये खोली छान आहे, पडदे आहेत, भिंतीवर गुबगुबीत बाळाचा फोटो आहे. रुचीची आई मला बघून दारातच आडवी आली. "आप इतै कैसें? सूतक में?" मी तिला बाजूला केलं. पोरीची पांघरुणं काढली. तळव्यांवर टिचकी मारली. एक पाय जरासा ओढून घेतला, बस. लंगोट विचारला, तर काल दुपारपासून एकच, तोही जेमतेम ओला. बाटलीतलं दूध तसंच. "पीती नहीं, सोती रहती है," रुची म्हणाली. "कितनी अच्छी है ना, मम्मीजी?"

मी मनीषला डॉक्टरकडे पाठवलं आणि रुचीला म्हटलं, आत्ता पाज. ती म्हणाली, "अभी कैसे? धुलाई?" मी म्हटलं, काही लागत नाही. व्याख्यान सुरू केलं, वन्सं. तुम्ही हसला असतात. चिकाचं दूध, चिलखत, सगळं सगळं. ती मान हलवत राहिली. तिला मराठी सगळं कळतं, बोलत नाही. मग डोळे भरून म्हणाली, "बुआजी ने इतने लोगों की धुलाई की. मेरी बारी में ऐसे ही? वो देखेंगी तो क्या सोचेंगी?"

वो देखेंगी. मी खाटेच्या कडेवर बसले. तेहेतीस वर्षांपूर्वी भिंतीकडे तोंड करून मी हेच म्हणत होते.

मग मी सांगितलं. तुम्हाला नाही सांगितलं ते त्या पोरीला सांगितलं, तिच्या आईसमोर. डोहाळजेवण, सासूबाईंचं फडकं, सांडलेलं पाणी. काही वगळलं नाही. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. रुची पांढरी पडली. तिची आई कधी दारातून आत येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिनंच पहिल्यांदा तोंड उघडलं. "पिबाओ बिन्नू," म्हणाली. पाज.

रुची म्हणाली, "आप धो दीजिए." मी नको म्हटलं. मग मला वाटलं, नणंद नाही कशी? माझ्या त्या पोरीला नावसुद्धा ठेवलं नव्हतं, पण मनीषची बहीण ती होतीच. तिच्या वतीनं मी पाणी घेतलं. अर्धं मिनिट लागलं. एवढ्याशा कामासाठी माझी पोर गेली.

पोर अंगाला लागेना. मग तुमच्यासारखं केलं. बोटांनी दाबून चमच्यात चीक काढला, पिवळा, चिकट, आठ-दहा थेंब. ओठांवर एक ठेवला. वाट बघितली. जीभ हलली. दुसरा ठेवला. डॉक्टर आले, टाचेतून रक्त घेतलं, साखर उतरलीय म्हणाले, कावीळ आहे, दिव्याखाली ठेवावं लागेल, आणि मला बाजूला व्हायला सांगितलं. मी झाले नाही. चौथ्या-पाचव्या थेंबाला तिनं तोंड उघडलं आणि मी तिला रुचीच्या छातीला लावलं. चारदा चोखलं, थांबली. परत दोनदा. मग सोडून दिलं आणि रडली. बारीक, चिरका आवाज, पण रडली. 

डॉक्टर म्हणतात, दोन दिवस काही सांगता येणार नाही. दर दोन तासांनी पाजायचं, मध्ये दिवा. दुपारचं पाजणं झालं तेव्हा ढेकर काढायला पोर मी खांद्यावर घेतली होती. केवढीशी, ऊन ऊन. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मला क्षणभर बरं वाटलं. खरंच सांगते, इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं. वाटलं, फिटलं.

रुची उशीला टेकून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मम्मीजी, बुआजी को बताया था आपने? कि गलती उनकी नहीं थी?"

मी म्हटलं, नाही.

"कभी नहीं?"

नाही.

 टाके दुखत असताना ती कोपरावर जोर देऊन उठली, दोन्ही हात पुढं केले, आणि माझ्या खांद्यावरून पोर काढून घेतली. मी दिली. मग बाहेर येऊन या बाकावर बसलेय, आणि मला कुणी आत बोलावलेलं नाही.